चित्रकट्टा : सावली राखाडी का पडते, आणि तुमचे इतर प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं डिजिटल चित्रातल्या रंगाभ्यासाबद्दल, म्हणजे समोरचे रंग पाहून केलेल्या छोट्या सरावचित्रांबद्दल, आणि पात्र घडवण्याबद्दल आहेत. काही प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते, ते एकत्र घेतले आहेत. सॉफ्टवेअर कोणतंही असलं तरी चालेल अशीच उत्तरं दिली आहेत. एखाद्या प्रोग्रामची खास सोय सांगायची असेल तिथे त्याचं नाव दिलं आहे.

प्रश्न : गेले तीन महिने मी रोज एका फोटोवरून छोटा रंगाभ्यास करते. फोटोतले रंग आयड्रॉपरने उचलते, त्यामुळे अभ्यास हुबेहूब उतरतो. पण मनातलं पात्र रंगवायला घेतलं की सगळं मळकट होतं. एवढा सराव गेला कुठे?
– एक वाचक, सांगली

तीन महिने रोज बसणं सोपं नाही, आणि ते वायाही गेलेलं नाही. हात बसला आहे, नजर अजून बसायची आहे. आयड्रॉपरने रंग उचलला की ‘हा रंग नेमका कोणता’ हा प्रश्न तुमच्यासमोर येतच नाही. मनातल्या चित्रात उचलायला काही नसतं, तिथे तोच प्रश्न पहिल्यांदा समोर येतो.

रंगाभ्यासाची मांडणी थोडी बदला. साधारण १२०० पिक्सेल रुंदीचा कॅनव्हास घ्या आणि फोटो शेजारी तेवढ्याच आकारात ठेवा. कॅनव्हास पांढरा ठेवू नका, मधल्या उजेडाच्या करड्या किंवा मातकट रंगाने भरून घ्या. पांढऱ्यावर कोणताही रंग असतो त्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून आपण फिका रंग निवडतो. मग सगळा पांढरा भाग झाकला गेला की चित्र धुतल्यासारखं दिसतं. ब्रश एकच, कडक कडेचा, ४० पिक्सेलपेक्षा लहान नको. लेयर (चित्राचा थर) एक, झूम बंद, वेळ २५ मिनिटं.

पहिल्या पाच मिनिटांत डोळे बारीक करून फोटो चार-पाच मोठ्या तुकड्यांत पाहा : आभाळ, उन्हातली जमीन, सावलीतली जमीन, भिंत, माणूस. प्रत्येक तुकड्याला एकच रंग द्या. पुढची पंधरा मिनिटं हे तुकडे फक्त एकमेकांशी ताडून पाहायचे. सावलीतली भिंत आभाळापेक्षा उजळ की गडद? तिचा रंग उन्हातल्या भिंतीपेक्षा थंड की उष्ण? डोळा, बटण, पान यांना हात लावायचा नाही. शेवटच्या पाच मिनिटांत आयड्रॉपर बाहेर काढा, पण रंग उचलायला नव्हे, तपासायला. सर्वांत उजळ, सर्वांत गडद आणि सर्वांत अडलेली, अशा तीन जागा फोटोत आणि तुमच्या चित्रात मोजा आणि वहीत लिहा : ‘सावलीतली चुन्याची भिंत, उजेड ८२ धरला, होता ५८.’ (हे आकडे रंगनिवडीच्या उजेडाच्या स्लायडरवरचे, ० ते १००.) तपासताना आयड्रॉपर एका पिक्सेलवर न ठेवता पाच गुणिले पाचच्या सरासरीवर ठेवा. जेपीजी फोटोत शेजारचे दोन पिक्सेलसुद्धा बरेच वेगळे निघतात.

अशा दहा नोंदी झाल्या की स्वतःची खोड दिसू लागते. पांढरी वस्तू सावलीत असली तरी ती पांढरीच रंगवायची, ही सगळ्यांत जास्त आढळणारी चूक. दुसरी म्हणजे तीव्रता, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवून धरणं. झाड म्हणजे हिरवं हे डोक्यात पक्कं असतं, म्हणून स्लायडर ७० वर जातो. फोटोतलं लांबचं झाड मात्र अनेकदा २० ते २५ तीव्रतेचं असतं, जवळजवळ करडं. शेजारी तांबडी माती असल्यामुळे ते आपल्याला हिरवं वाटतं.

हे ‘शेजारी’ फार महत्त्वाचं आहे. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात १८२४ पासून रंगखातं सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती, की काळा धागा फिका पडतो. त्यांनी तपासलं तर काळ्या रंगात काहीच खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी हा नियम सविस्तर मांडला. तुमच्या पात्राच्या मळकट रंगामागेही बहुधा हेच कारण आहे. एकेक रंग वेगवेगळा पाहिला तर ठीक असतो, पण शेजाऱ्याशी ताडून निवडलेला नसतो.

आणखी एक सराव करा. शाळेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांमुळे स्मरणचित्र हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आदल्या दिवशीचा रंगाभ्यास दुसऱ्या दिवशी सकाळी न पाहता, दहा मिनिटांत, फक्त त्या चार-पाच तुकड्यांत पुन्हा रंगवा. फोटो आणि मनातलं पात्र यांच्यामधली पायरी नेमकी हीच आहे, आणि तीच सहसा सुटते. आठवड्याला तीन अभ्यास आणि तीन स्मरणचित्रं, हे रोजच्या सात नकलांपेक्षा पुष्कळ जास्त शिकवतं.

प्रश्न : त्वचेवर सावली देताना नवा लेयर मल्टिप्लाय मोडवर ठेवून करडा रंग लावतो. चेहरा आजारी, राख फासल्यासारखा दिसतो. सावळ्या पात्राचे तर फारच हाल होतात. काय चुकतं?
– एक वाचक, चिपळूण

मल्टिप्लाय आत काय करतो ते एकदा आकड्यांत पाहू. तो वरच्या आणि खालच्या रंगाच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांचा गुणाकार करून २५५ ने भागतो. समजा गव्हाळ त्वचेचा रंग २००, १४०, १०५ आहे. त्यावर १५०, १५०, १५० हा करडा टाकला की उत्तर येतं ११८, ८२, ६२. मूळ रंगाचा ह्यू (रंगचक्रावरची जागा, ० ते ३६० अंशांत) २२ अंश आणि तीव्रता ४७ च्या आसपास होती, सावलीतही दोन्ही तेवढेच राहिले. फक्त उजेड ७८ वरून ४६ वर आला. म्हणजे रंग बदललाच नाही, दिवा मंद झाला. खऱ्या उजेडात असं क्वचितच होतं. उन्हातल्या माणसाच्या सावलीच्या बाजूवर सूर्याचा प्रकाश पडत नाही, पण आभाळाचा निळसर प्रकाश पडतो, खालून जमिनीचा आणि कपड्यांचा परतलेला प्रकाश पडतो.

आता त्याच त्वचेवर करड्याऐवजी फिका जांभळट १५०, १४०, १९० लावून पाहा. उत्तर ११८, ७७, ७८. ह्यू २२ वरून ३५९ वर, म्हणजे नारिंगीकडून तांबड्याकडे सरकला, आणि तीव्रता ३५ वर उतरली. आभाळाखालच्या सावलीला हे पटतं. मात्र हाच जांभळट लेयर पणतीच्या उजेडातल्या किंवा लाल मातीवर उभ्या असलेल्या पात्रावर लावला तर पुन्हा चेहरा आजारी. सावलीवर कोणता प्रकाश पडतोय हे आधी ठरवायचं आणि लेयरचा रंग मग.

पिवळ्या कपड्यांत हीच चूक जास्त उघडी पडते. हळदी रंगाच्या लुगड्याच्या चुणीत काळा मिसळला, किंवा नुसता उजेडाचा स्लायडर खाली ओढला, तर चुणी शेवाळी होते, कारण गडद पिवळा आपल्या डोळ्याला हिरवट वाटतो. ह्यू ५५ असेल तर सावलीत तो ४० ते ४२ कडे सरकवा. चुणी गेरूकडे झुकते आणि कापड हळदीचंच राहतं.

सावळ्या त्वचेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण शिकवणीचं बरंचसं साहित्य गोऱ्या त्वचेवर बेतलेलं असतं आणि आपल्याकडची मुलं तेच नियम लावून हिरमुसतात. गोऱ्या त्वचेत उजळ भाग आणि मूळ रंग यांत अंतर कमी, सावलीत जास्त. सावळ्या त्वचेत उलट : मूळ रंगच गडद असल्यामुळे सावलीला उतरायला जागा कमी असते आणि चेहऱ्याचा आकार मुख्यतः चकाकीवर उभा राहतो. कपाळ, गालाचं हाड, नाकाचा शेंडा, खालचा ओठ इथली चकाकी म्हणजे त्वचेवर पडलेलं आभाळाचं किंवा खिडकीचं प्रतिबिंब. ती मूळ रंगात पांढरा मिसळून करू नका, नाहीतर तिथेच राख दिसते. प्रकाशाच्या रंगाची चकाकी द्या. ढगाळ दिवशी ती निळसर करडी असेल, आणि तिच्या कडेला मूळ रंगाची तीव्रता थोडी वाढवा, ५० असेल तर ६० पर्यंत. सुरुवातीला ह्यू १५ ते २५, तीव्रता ४५ ते ६०, उजेड ३० ते ५० या पट्ट्यात मूळ रंग धरून पाहा. पुरुषाच्या चेहऱ्यात मधला तिसरा हिस्सा, म्हणजे गाल, नाक, कान, तांबूस ठेवा आणि दाढीचा भाग किंचित करडा. एवढ्याने चेहऱ्यात जीव येतो.

प्रश्न : चित्राची उजळ-गडद रचना तपासण्यासाठी मी सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) शून्य करून पाहतो. तिथे पिवळा फेटा आणि निळी बंडी एकाच करड्या रंगाची दिसतात, पण रंगीत चित्रात फेटा स्पष्ट उठतो. खरं कोणतं?
– एक वाचक, पणजी

तुमचा डोळा खरा. काही प्रोग्राममध्ये सॅच्युरेशन उतरवताना फक्त आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा किंवा सर्वांत मोठ्या-लहानाची सरासरी धरली जाते. शुद्ध पिवळ्यात आणि शुद्ध निळ्यात तो हिशेब सारखाच येतो. माणसाच्या डोळ्याला मात्र हिरव्या प्रकाशाचा उजेड सर्वांत जास्त वाटतो आणि निळ्याचा सर्वांत कमी. पडद्याच्या नेहमीच्या रंगमापनात लालचा वाटा सुमारे २१ टक्के, हिरव्याचा ७२ आणि निळ्याचा ७ धरतात. त्या हिशेबाने पिवळा जवळजवळ पांढऱ्याइतका उजळ आणि निळा जवळजवळ काळ्याइतका गडद.

उपाय सोपा आहे. सर्वांत वर एक लेयर घ्या, काळ्याने भरा आणि त्याचा मोड ‘कलर’ ठेवा. हवा तेव्हा लेयरच्या यादीतलं त्याचं डोळ्याचं चिन्ह चालू करा, बघा, बंद करा. फोटोशॉप किंवा क्रितामध्ये सॉफ्ट प्रूफिंगला (चित्र दुसरीकडे, उदाहरणार्थ छपाईत, कसं दिसेल ते पडद्यावरच दाखवणारी सोय) करड्या रंगाचा प्रोफाइल लावला की कंट्रोल-वाय दाबून तेच काम होतं, लेयरही लागत नाही. रंगवायला बसण्यापूर्वी आयपॅडचं ट्रू टोन, विंडोजची नाइट लाइट, फोनमधली डोळ्यांना आराम देणारी सोय हे सगळं बंद केलंय ना, तेही पाहा. रात्री पिवळट पडद्यावर रंगवलेलं पात्र सकाळी निळं दिसतं, आणि माणूस स्वतःच्या नजरेलाच दोष देत बसतो.

प्रश्न : एका गोष्टीसाठी सहा पात्रं काढली. कपडे, केस, रंग वेगळे आहेत, तरी सगळी भावंडं वाटतात. पात्र वेगळं कसं करायचं?
– एक वाचक, नागपूर

सहाही पात्रं काळ्या रंगाने भरून टाका. आत एकही रेघ नको. आता ती ओळखू येतात का? नसतील, तर कपडे आणि रंग बदलून फारसं काही होणार नाही. बाह्याकृतीतला फरक हा पात्राचा पाया आहे.

यासाठी आपल्याच लोककलांचा आणि रस्त्यांचा अभ्यास करावा असं आग्रहाने सांगावंसं वाटतं. वासुदेव पाहा. मोरपिसांची उंच निमुळती टोपी, खाली पायघोळ अंगरखा. धुक्यातून शंभर पावलांवरूनही कोण येतंय ते कळतं. डोक्यावर लांब लाकडी पाटीत डबे घेऊन चालणारा मुंबईचा डबेवाला म्हणजे सरळ उभी रेघ आणि तिच्यावर आडवी, अगदी इंग्रजी टी अक्षरासारखी. गोंधळ्याच्या कमरेशी संबळ असतो, त्यामुळे त्याचं वजन खाली येतं. पोतराजाच्या आकृतीत मोकळे केस, कमरेचे कापडी तुकडे आणि आसुडाची वळणारी रेघ एकत्र येतात. कोकणातल्या संकासुराचा काळा पोशाख आणि लोंबणारी लाल जीभ इतकी वेगळी आहे की दुसरा रंग लागतच नाही. यातलं काही उचलून पात्राला चिकटवा असं म्हणणं नाही. आकार कुठे उंच होतो, कुठे रुंद, कुठे तुटतो आणि कुठे हलतो, ते बघा.

कामाची पद्धत अशी. एका पानावर बोटभर उंचीच्या ३० काळ्या आकृत्या काढा, प्रत्येकीला दोन मिनिटं. पहिल्या दहा तुमच्या नेहमीच्या सवयीच्या निघतात, कामाच्या बहुतेक पुढच्या वीसांत असतात. त्यातल्या तीन निवडा आणि प्रत्येकीचे तीन उपप्रकार करा : एकात डोकं मोठं, एकात धड, एकात पाय. उंची डोक्यांत मोजा. मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा, रुबाबदार नायक आठ, पाच-सहा वर्षांचं मूल साडेपाच ते सहा, अगदी गोंडस लहान पात्र दोन-तीन डोक्यांचं. तुमची सहाही पात्रं बहुधा सात ते साडेसातच्या आत असणार. भावंडं वाटण्याचं कारण मुख्यतः हेच.

मग सहाही जणांना एका आडव्या रेघेवर शेजारी-शेजारी उभं करा. खांद्यांना जोडणारी रेघ ओढली तर ती डोंगररांगेसारखी वर-खाली व्हायला हवी. ती सपाट येत असेल तर कुणाला तरी वाकवा, कुणाला रुंद करा, एकाला खाली बसवा.

रंग त्यानंतर. प्रत्येक पात्राला एक मुख्य रंग, साधारण ६० टक्के जागेत, दुसरा ३० टक्क्यांत आणि एक ठसठशीत रंग १० टक्क्यांत, हा ढोबळ हिशेब सुरुवातीला बरा पडतो. पण त्याहून कामाचं म्हणजे आधी तीनच छटा वापरणं : काळी, मधली, पांढरी. सहा पात्रांत या तीन छटांची वाटणी वेगवेगळी ठेवा. एकाचं धड गडद आणि डोकं उजळ, दुसऱ्याचं उलट, तिसरा पूर्ण मधला आणि फक्त हातातली वस्तू पांढरी. एवढं केलंत तर कोणती रंगसंगती घेतली तरी पात्रं एकमेकांत मिसळत नाहीत. यातला ठसठशीत रंग चेहऱ्याजवळ किंवा हाताजवळ असू द्या. बुटावर दिला तर वाचकाची नजर पायाशी जाऊन बसते.

प्रश्न : नऊवारीतल्या पात्राचं समोरून, बाजूने आणि मागून असं चित्र काढताना दरवेळी काहीतरी विसंगत होतं. कुठे लक्ष द्यायचं?
– एक वाचक, बेळगाव

दोन जागी. पहिली म्हणजे कासोटा. निऱ्यांचा भाग पायांमधून मागे जातो आणि पाठीमागे खोचला जातो. म्हणून समोरून दोन्ही पाय वेगळे दिसतात, पोटऱ्या मोकळ्या राहतात आणि पात्र पळू शकतं, मांडी घालू शकतं. अनेक चित्रांत समोरून नऊवारी आणि मागून सहावारी झालेली दिसते, कारण मागची बाजू अंदाजाने काढलेली असते. मागची आकृती आधी काढा : खोचलेली जागा, तिथून दोन्ही मांड्यांवर पसरणाऱ्या चुण्या, आणि पाठीवरून येणारा पदर. मग समोरची आपोआप बरोबर येते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्यामुळे कमरेशी जाडी हवी. ती चिकटलेली दाखवली की पातळ ओढणीसारखी वाटते.

दुसरी जागा डावं-उजवं. रचना तपासायला कॅनव्हास उलटा करून पाहणं चांगली सवय आहे. क्रितामध्ये एम दाबलं की नुसतं दृश्य उलटतं, चित्र नाही. पण काही प्रोग्राममध्ये चित्रच उलटतं, ते परत सरळ करायचं राहून जातं आणि तसंच साठवलं जातं. मग डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे आणि डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर. बाजूचं चित्र नुसतं आरशासारखं उलटवून दुसरी बाजू तयार केली तरी तेच होतं. नथ, पदर, कमरेची चंची, केसांत एका बाजूला माळलेलं फूल, अशा एकाच बाजूला असणाऱ्या गोष्टींसाठी वेगळा लेयर ठेवा आणि त्याला नावात ‘डावी’ असं लिहा.

प्रश्न : बजेट कमी आहे. पडदा नसलेला पेन टॅबलेट घेतला तर चालेल का? जुन्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर काम होईल का?
– एक वाचक, लातूर

दोन्हीला हो. पडद्याकडे बघून खाली हात चालवायची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. त्या दिवसांत चित्र काढू नका. रोज पंधरा मिनिटं दोन ठिपके जोडणाऱ्या सरळ रेघा आणि वर्तुळं काढा. वर्तुळं लंबगोल येत असतील तर दोष हाताचा नाही. टॅबलेटचा आकार आणि पडद्याचा आकार यांचं प्रमाण जुळत नाही, ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याची खूण करा. पेन जोरात दाबल्याशिवाय रेघ गडद होत नसेल तर तिथेच दाबाची वक्ररेषा मऊ करा, नाहीतर महिन्याभरात मनगट दुखायला लागतं.

क्रिता मोफत आहे आणि शिकण्यासाठी पूर्ण पुरेसं आहे. मेमरीचा हिशेब असा : ए-फोर आकार, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. नेहमीच्या ८ बिट रंगात असा पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे ३५ एमबी घेतो, १६ बिटमध्ये दुप्पट. चाळीस लेयर झाले की लॅपटॉप धापा टाकणारच. ८ बिटमध्ये काम करा, झालेले लेयर एकत्र करा, आणि रंगाभ्यास तर छोट्याच कॅनव्हासवर असतात.

प्रश्न : दिवाळी अंकासाठी मुखपृष्ठ केलं. पडद्यावर झळाळणारा निळा आणि पोपटी छापून आल्यावर मेले. पुढच्या वेळी काय करू?
– एक वाचक, पुणे

पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई शाईने, आणि चार शायांच्या आवाक्यात झगझगीत निळा आणि पोपटी येतच नाहीत. शुद्ध निळा तर जांभळट होऊन येतो. अंक छापणाऱ्या प्रेसकडून त्यांच्या कागदाचा कलर प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उतरतात याची फाइल, मागून घ्या आणि पहिल्या रंगाभ्यासापासून सॉफ्ट प्रूफ चालू ठेवून काम करा. शेवटी रूपांतर करून धक्का खाण्यापेक्षा हे फार बरं. झळाळी तीव्रतेने मिळत नसेल तर शेजाऱ्याने मिळवा : निळ्याभोवती करडा-मातकट ठेवला की मध्यम निळाही उठतो. रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांची जुनी मुखपृष्ठं जरूर बघा. छापखान्याच्या त्या काळच्या मर्यादेत त्यांनी चेहऱ्याभोवतीचे रंग किती विचाराने दबते ठेवले आहेत, ते रंगाभ्यास म्हणून उतरवून काढण्यासारखं आहे.

माप लक्षात ठेवा. चारही बाजूंना ३ मिलिमीटर कापणीची जागा धरली तर ए-फोर मुखपृष्ठ २५५१ गुणिले ३५७९ पिक्सेलचं होतं. अंकाचं नाव वर येतं, तेव्हा पात्राचा फेटा किंवा आंबाडा त्यात घुसणार नाही ना, हे काळ्या आकृतीच्या टप्प्यावरच पाहा.

प्रश्न : रंगाभ्यास वेगळे करते, पात्रं वेगळी काढते. दोन्ही एकत्र कसं आणायचं? माझ्या पात्राच्या हातात पणती आहे आणि उजेड काही केल्या खरा वाटत नाही.
– एक वाचक, दुबई

तुमचं पात्र एकदा त्याच्या मूळ रंगांत, सावलीशिवाय, सपाट भरून ठेवा. मग त्याच्या चार प्रती करा आणि चार उजेडांत रंगवा : गच्चीवरचं दुपारचं ऊन, पावसाळी आभाळ, घरातली ट्यूबलाइट आणि पणती. प्रत्येक उजेडासाठी आधी त्या प्रकारच्या फोटोवरून दोन-तीन रंगाभ्यास करायचे, त्यातून सापडलेला उजेडाचा रंग आणि सावलीचा रंग पात्रावर न्यायचा. पांढरा सदरा ट्यूबलाइटखाली काय होतो आणि पणतीजवळ काय होतो, हे शेजारी ठेवून पाहिलं की मूळ रंग आणि दिसणारा रंग यांतला फरक एकदम कळतो.

पणतीसाठी सावळाराम हळदणकरांचं, मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेलं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र समोर ठेवा. त्यातला दिव्यावर धरलेला हात बघा. ज्योत आपल्याला दिसत नाही, पंजामागे आहे. तरी सगळं चित्र त्या ज्योतीवर उभं आहे, कारण बोटांच्या फटींत आणि कडांवर तांबूस-नारिंगी झळाळी आहे, उजेड बोटांच्या मांसातून पार होतो आहे. डिजिटलमध्ये अनेक जण इथे ज्योतीभोवती मोठा पिवळा ग्लो टाकतात आणि तिथेच बिघडतं. ग्लो आधी नको. आधी बोटांच्या कडांना ह्यू १० ते १५, तीव्रता ८० च्या वर असा तांबडा द्या, तळहाताचा जाड भाग गडद ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे उजेड किती झपाट्याने उतरतो. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथा हिस्सा होतो, तिप्पट झालं की नववा. पणती हनुवटीपासून २० सेंटीमीटरवर असेल तर ४० सेंटीमीटरवरच्या खांद्यावर चौथा हिस्साच पोचतो. इथे स्लायडरचा घोळ होतो. पडद्याचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. चौथा हिस्सा प्रकाश म्हणजे उजेडाचा स्लायडर १०० वरून २५ वर नव्हे, सुमारे ५४ वर. नववा हिस्सा म्हणजे साधारण ३७. पंचवीसवर नेलं की खांदा काळा ठिक्कर पडतो आणि चेहरा अंधारात तरंगणाऱ्या मुखवट्यासारखा दिसतो.

हे मूळ उजेड १०० असलेल्या कपड्याचे आकडे आहेत. गडद लुगड्याचा मूळ उजेड ४० असेल तर तोही त्याच पटीत उतरवा, म्हणजे ४० चे ५४ टक्के, २१ ते २२. आता वर ‘कलर’ मोडचा काळा लेयर उघडून बघा. सर्वांत उजळ जागा ज्योतीजवळच्या बोटांच्या कडा, मग हनुवटीची खालची बाजू आणि वरचा ओठ, मग नाकपुड्यांखालचा भाग, असा क्रम लागत असेल तरच ग्लोचा लेयर जोडा, आणि त्याचीही अपारदर्शकता (ओपॅसिटी) २० टक्क्यांपेक्षा जास्त नको.